कशावरून म्हणतोस? उताऱ्यातला पुरावा द्यायला मुलांना शिकवताना

उतारा वाचून होतो, आपण प्रश्न विचारतो, एखादा हात वर येतो, उत्तर बरोबर निघतं आणि आपण ‘शाब्बास’ म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. नव्यानं शिकवायला लागलेल्या शिक्षकांना माझं पहिलं सांगणं एवढंच आहे : शाब्बास म्हणायच्या आधी ‘कशावरून?’ असं विचारा. चुकलेल्या उत्तराला तर विचाराच, पण बरोबर उत्तराला आधी विचारा.

कारण मुलांची बरोबर उत्तरं बऱ्याचदा दोन आडवाटांनी येतात. पहिली वाट म्हणजे प्रश्नातला शब्द उताऱ्यात जिथे दिसेल तिथपासून तीन-चार ओळी उतरवून काढायच्या. त्या ओळींत उत्तर कुठेतरी असतंच, त्यामुळे गुणही मिळतात. दुसरी वाट म्हणजे उताऱ्याकडे न बघताच, टीव्हीवर पाहिलेलं, ताईनं सांगितलेलं किंवा सहलीत ऐकलेलं लिहून टाकायचं. दोन्ही वेळा उतारा समजला की नाही, ते आपल्याला कळत नाही, आणि मुलालाही कळत नाही.

माहितीपर उताऱ्यात हे जास्त घडतं. गोष्टीत पुढे काय झालं या ओढीनं मूल वाचत जातं. माहितीच्या उताऱ्यात प्रत्येक वाक्य काहीतरी वेगळं सांगतं : एक आकडा देतं, एक कारण देतं, एक जुना समज सांगून पुढच्या वाक्यात तो खोडून काढतं. ही वाक्यं एकमेकांशी कशी बांधलेली आहेत हे न पाहता मुलं त्यांना सुट्या माहितीचा ढीग समजतात.

म्हणून पाचवी ते आठवीच्या मुलांना मी उत्तराचे तीन भाग शिकवते आणि वर्गात त्यांना तीन साधी नावं देते : उत्तर, पुरावा आणि दुवा. उत्तर मुलाच्या शब्दांत. पुरावा उताऱ्याच्या शब्दांत, जसाच्या तसा. आणि दुवा म्हणजे तो पुरावा त्या उत्तराला कसा आधार देतो हे सांगणारं एक वाक्य, पुन्हा मुलाच्या शब्दांत. पहिले दोन भाग मुलं लवकर शिकतात. सगळा कस तिसऱ्यात लागतो आणि आपला वेळही तिथेच जायला हवा. हे काम फक्त मराठीच्या तासाचं नाही. विज्ञान, भूगोल, इतिहास शिकवणाऱ्यांनीही ते उचललं तर मुलं लवकर शिकतात.

आधी उतारा निवडा, मग त्याला क्रमांक द्या

सुरुवातीला दहा-बारा वाक्यांचा उतारा पुरे. पाठ्यपुस्तकातला घ्या, वर्तमानपत्रातल्या बातमीवरून तयार करा किंवा स्वतः लिहा. अट एकच : त्यात निदान एक गोष्ट अशी हवी की जी थेट सांगितलेली नाही, दोन वाक्यं जोडल्यावर कळते. नुसत्या आकड्यांच्या आणि नावांच्या उताऱ्यात पुरावा शोधायला काही उरत नाही.

प्रत्येक वाक्याला क्रमांक द्या. फळ्यावर उतारा लिहिणार असाल तर क्रमांकासकट लिहा, छापील प्रत असेल तर मुलांना पेन्सिलीनं घालू द्या. ही साधी गोष्ट पुढचं अर्धं काम सोपं करते. ‘वरून तिसऱ्या ओळीत, मध्ये कुठेतरी’ असं सांगण्यात तासिकेतली मिनिटं वाया जातात. ‘वाक्य ५’ म्हटलं की सगळ्या वर्गाचं बोट एका जागी येतं.

पुढच्या सगळ्या पायऱ्या मी या एका उताऱ्यावर दाखवते. तो तुमच्या वर्गात तसाच वापरा.

(१) बुलढाणा जिल्ह्यातील लोणार गावाजवळ एक मोठे वर्तुळाकार विवर असून त्याच्या तळाशी सरोवर आहे.
(२) विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे.
(३) आसपासचा सगळा प्रदेश लाव्हारसापासून बनलेल्या बेसॉल्ट खडकाचा असल्यामुळे हे विवरही ज्वालामुखीचेच असावे, असे पूर्वी मानले जात असे.
(४) पुढे इथल्या खडकांत मास्केलिनाइट नावाची काच सापडली.
(५) ही काच प्रचंड वेगाने बसलेल्या धक्क्याच्या दाबानेच तयार होते, ज्वालामुखीच्या उष्णतेने नाही.
(६) सरोवराचे पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे.
(७) सरोवरातून बाहेर वाहणारा एकही ओढा नाही; आत आलेले पाणी उन्हाने आटते आणि क्षार मागे राहतात.
(८) जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी गुलाबी दिसू लागले.
(९) पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव त्यात आढळले.
(१०) त्या काळात सरोवरातील पाणी कमी झाले होते आणि खारटपणा वाढला होता.
(११) २०२० मध्येच लोणारला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

पहिली पायरी : वही न उघडता

उताऱ्याला हात लावण्याआधी एक-दोन दिवस फक्त तोंडी काम करा. एखादी छोटी सूचना फळ्यावर लिहा : ‘टाकी धुण्याचे काम असल्याने मंगळवारी नळाला पाणी येणार नाही.’ आणि विचारा, बुधवारी पाणी येईल का? सगळा वर्ग ‘हो’ म्हणेल. कशावरून? मग थोडी शांतता पसरते. कुणी म्हणतं, ‘मंगळवारीच नाही म्हटलंय ना.’ कुणी म्हणतं, ‘आमच्याकडे टाकी धुतली की दोन दिवस येत नाही.’ इथे दोघांनाही थांबवून एवढंच दाखवा की पहिल्यानं फळ्यावरच्या शब्दांवरून अंदाज बांधला आणि दुसऱ्यानं स्वतःच्या अनुभवावरून. दोन्ही विचार चांगले आहेत, पण ते दोन वेगळ्या जागांहून आले आहेत. आणि ‘बुधवारी पाणी येईल’ असं सूचनेत कुठेही लिहिलेलं नाही.

हा खेळ मुलांना आवडतो. औषधाच्या बाटलीवरची सूचना, एसटीच्या थांब्यावरचं वेळापत्रक, शाळेच्या सहलीची चिठ्ठी, काहीही चालतं. ‘कशावरून?’ हा प्रश्न रागावून विचारला जात नाही, तो सगळ्यांनाच विचारला जातो, हे मुलांच्या अंगवळणी पडलं पाहिजे. घरी ‘कशावरून म्हणतोस?’ हा सवाल बहुतेक वेळा उलटतपासणीच्या सुरात ऐकलेला असतो. म्हणून सुर मऊ ठेवा आणि मुलांनाही हा प्रश्न तुम्हाला विचारू द्या. तुम्ही वर्गात काही विधान केलंत आणि मागच्या बाकावरून ‘कशावरून, बाई?’ आलं, तर समजा की रुजायला लागलं.

दुसरी पायरी : फक्त बोट ठेवा

आता लोणारचा उतारा. आधी एकदा तुम्ही मोठ्यानं वाचा, मग मुलांनी मनात वाचायचा. लिहायचं काही नाही. प्रश्न ऐकायचा, उत्तर जिथे आहे त्या वाक्यावर बोट ठेवायचं आणि क्रमांक सांगायचा.

पहिले दोन-तीन प्रश्न सोपे ठेवा. विवराचा व्यास किती? वाक्य २. पाण्याची तपासणी कुणी केली? वाक्य ९. मग हा विचारा : लोणारचं विवर ज्वालामुखीचं नाही, हे कशावरून?

इथे वर्गात काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे.

‘वाक्य तीन, बाई.’

‘वाच बरं मोठ्यानं.’

तो वाचतो.

‘यात विवर ज्वालामुखीचं आहे म्हटलंय की नाही म्हटलंय?’

‘असावे, असं म्हटलंय.’

‘असं कुणाला वाटत होतं?’

‘पूर्वीच्या लोकांना.’

‘मग नंतर काय झालं?’

बोट खाली सरकतं. ‘चार. काच सापडली.’

‘काच सापडली म्हणून ज्वालामुखी नाही, हे कसं?’

आता तो अडतो. शेजारची मुलगी पुढे वाकून म्हणते, ‘बाई, चारबरोबर पाचपण पाहिजे. ती काच धक्क्यानंच होते, असं पाचमध्ये आहे.’

प्रश्नात ‘ज्वालामुखी’ हा शब्द होता आणि वाक्य ३ मध्येही तो होता. शब्दाला शब्द जुळला म्हणून मुलगा तिथे थांबला. ते वाक्य उलट बाजूचं आहे. शब्द जुळवणं म्हणजे पुरावा नव्हे, ही गोष्ट पन्नास वेळा सांगून जेवढी कळत नाही तेवढी अशा एका प्रश्नानं कळते. म्हणून उतारा निवडताना असं एखादं फसवं वाक्य मुद्दाम शोधा. वाक्य ४ आणि ५ ही जोडीही महत्त्वाची आहे : कधी कधी पुरावा एका वाक्यात मावत नाही.

या पायरीवर घाई करू नका. बोट बरोबर जागी पडत नसेल तर पेन हातात देऊन उपयोग नाही.

तिसरी पायरी : तुमचा विचार त्यांना ऐकू द्या

मुलांना तयार उत्तर दिसतं, ते कसं तयार होतं हे दिसत नाही. फळ्यापाशी उभं राहून एका प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतः शोधा आणि मनात जे चाललंय ते मोठ्यानं बोला. ‘प्रश्न आहे, पाणी खारट का? सहामध्ये खारट आहे एवढंच सांगितलंय, का ते नाही. सातमध्ये काय आहे? ओढा बाहेर जात नाही. पाणी आटतं. क्षार मागे राहतात. हं, हे कारण झालं. मला सगळं वाक्य हवंय का? नाही, शेवटचा तुकडा पुरे.’ आणि मग त्या तुकड्याखाली रेघ ओढा.

चुकीच्या वाक्यापाशी थांबून ते का सोडलं, हेही बोलून दाखवा.

चौथी पायरी : नेमका तुकडा उचलणं

आता वही उघडायची. दुहेरी अवतरणचिन्हं मुलांना संवादात माहीत असतात. इथे ती उताऱ्याच्या शब्दांसाठी वापरायची. नियम साधे : चिन्हांच्या आत एक अक्षरही आपलं नाही, चिन्हांच्या बाहेर उताऱ्याची आख्खी ओळ नाही, आणि शेवटी कंसात वाक्य क्रमांक. मधले शब्द गाळायचे असतील तर तीन टिंबं, म्हणजे लोपचिन्ह.

लांबीवर मर्यादा घाला. मी सुरुवातीला आठ शब्दांची घालते. मुलं कुरकुरतात, पण मर्यादा असली की निवड करावीच लागते आणि निवड करण्यातच वाचन होतं. पूर्ण वाक्य उतरवणाऱ्या मुलाला ‘यातला कोणता तुकडा काढला तर तुझं उत्तर लंगडं पडेल?’ असं विचारा. तो तुकडा ठेवायचा, बाकी सोडायचं.

याच पायरीवर मुलं छोटे शब्द गाळतात आणि सगळा अर्थ बदलून बसतात. हे नीट तपासा. ‘सुमारे १.८ किलोमीटर’ मधला ‘सुमारे’ गळला की अंदाजाचं नेमकं मोजमाप होऊन बसतं. वाक्य ३ मधला ‘पूर्वी’ गळला की खोडून काढलेला समज आजची माहिती होऊन बसतो. आणि वाक्य ५ मध्ये तर सगळा भार एका अक्षरावर आहे. ‘दाबाने तयार होते’ असं लिहिलं तर काच आणखी कशानंही होत असेल, म्हणजे ज्वालामुखीची शक्यता उरतेच. ‘दाबानेच’ लिहिलं की ती संपते. फळ्यावर दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहा आणि मुलांनाच फरक शोधू द्या. ‘च’, ‘ही’, ‘केवळ’, ‘काही’, ‘असावे’, ‘असे मानले जाते’ ही यादी वर्गाच्या भिंतीवर लावली तर वर्षभर कामाला येते. विज्ञानाच्या तासाला तर रोजच.

पाचवी पायरी : वाक्यांचे साचे

लिहायची सुरुवात कशी करावी हे न सुचल्यामुळे बरीच मुलं अडून राहतात. त्यांना दोन-चार साचे द्या : ‘उताऱ्यात म्हटले आहे की…’, ‘वाक्य ७ नुसार…’, ‘यावरून दिसते की…’, ‘म्हणून असे म्हणता येईल की…’. पहिले दोन पुराव्यासाठी, पुढचे दोन दुव्यासाठी. महिनाभर वापरू द्या, मग हळूहळू भिंतीवरून काढून घ्या. कायमचे ठेवले तर मुलं रिकाम्या जागा भरल्यासारखं लिहायला लागतात.

सहावी पायरी : दुवा

इथे थांबा आणि थांबायचंच आहे असं ठरवून थांबा.

‘सरोवराचं पाणी गुलाबी का झालं?’ या प्रश्नाला पाचवी पायरी ओलांडलेलं मूल साधारण असं लिहितं :

पाणी सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाले. उताऱ्यात म्हटले आहे की, “गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव त्यात आढळले” (वाक्य ९). यावरून दिसते की पाणी सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाले.

उत्तर बरोबर, पुरावा नेमका, आणि दुवा म्हणजे उत्तराचीच पुनरुक्ती. जवळजवळ प्रत्येक वर्गात हेच होतं. ‘अजून सविस्तर लिही’ असा शेरा देऊन काही फरक पडत नाही, मूल तेच लांबवून लिहितं. त्याऐवजी हट्टी माणसाची भूमिका घ्या. ‘सूक्ष्मजीव सापडले हे मान्य. पण ते तर कदाचित आधीपासून असतील. मग पाणी २०२० मध्येच का गुलाबी झालं? मला पटवून दे.’ आता मूल पुन्हा उताऱ्याकडे वळतं आणि त्याला वाक्य १० सापडतं. मग ते लिहितं :

हे सूक्ष्मजीव खारट पाण्यात वाढतात आणि तेव्हा “खारटपणा वाढला होता” (वाक्य १०). म्हणून ते खूप वाढून पाण्याला रंग आला असावा.

शेवटच्या ‘असावा’कडे मुलाचं लक्ष वेधा. ‘म्हणून’ हा शब्द उताऱ्यात नाही, लेखकानं वाक्य ९ आणि १० नुसती शेजारी ठेवली आहेत. ती मुलानं जोडली. जोडलेली गोष्ट ‘असावा’नं सांगायची आणि लिहिलेली गोष्ट ‘आहे’नं सांगायची, हा फरक पाचवीतल्या मुलांनाही कळतो. त्यांना तो आवडतोही, कारण त्यांचा स्वतःचा विचार उत्तरात कुठे आहे ते त्यामुळे दिसतं.

दुव्यासाठी जोडीनं काम करणं सर्वात उपयोगी पडतं. एकानं उत्तर आणि पुरावा वाचायचा, दुसऱ्यानं फक्त ‘मग काय?’ असं विचारायचं. पहिल्याला तोंडी उत्तर देता आलं की तेच वाक्य लिहून काढायचं. बोलताना मुलं दुवा सहज सांगतात, लिहिताना विसरतात. म्हणून आधी बोलणं, मग लिहिणं.

भाषेबद्दल एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. उत्तर आणि दुवा मुलाला त्याच्या बोलीत सांगू द्या, वऱ्हाडीत, अहिराणीत, मालवणीत, जी घरची असेल तीत. पुरावा तेवढा उताऱ्याच्या प्रमाण भाषेत, जसाच्या तसा. असं केलं की आपले शब्द कुठे संपतात आणि उताऱ्याचे कुठे सुरू होतात हे कानालाच कळतं. शिवाय जे मूल प्रमाण भाषेत वाक्य जुळवण्याच्या धास्तीनं गप्प बसतं, त्याच्याकडेही विचार असतो हे वर्गाला दिसतं. लिखाणात प्रमाण भाषा पुढे येईलच, तिची घाई या पायरीवर नको.

उताऱ्यात नसलेलं ओळखणं

विचारा : हे विवर किती वर्षांपूर्वी तयार झालं? लोणार पाहून आलेलं एखादं मूल ताडकन पन्नास हजार म्हणेल. दुसरं कुणी पाच लाखांहून जास्त म्हणेल. गंमत अशी की दोघांच्याही मागे खरंखुरं संशोधन आहे. जुन्या कालमापनातून सुमारे ५२ हजार वर्षं हा आकडा आला होता, नंतर खडकातल्या आरगॉन वायूवरून वय काढण्याच्या पद्धतीनं केलेल्या मापनातून सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आला. पण आपल्या उताऱ्यात यातला एकही नाही. ‘उताऱ्यात ही माहिती दिलेली नाही’ हेच इथलं पूर्ण गुणांचं उत्तर. प्रत्येक उताऱ्यावर असा एक प्रश्न ठेवा, नाहीतर प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असतंच असं मुलं धरून चालतात आणि नसलेलंही शोधून काढतात.

तसंच उल्केचं. वरचा उतारा पुन्हा पाहा, ‘उल्का’ हा शब्द त्यात मी मुद्दाम घातलेला नाही. तरी निम्मा वर्ग ‘उल्का पडून विवर झालं’ असं लिहील. ते खरं आहे, आणि त्यांना ते माहीत आहे याचा आनंदच आहे. पण उताऱ्यावरून फक्त ‘प्रचंड वेगाचा धक्का बसला’ इथवर जाता येतं. पुढची पायरी मुलाच्या आधीच्या ज्ञानाची. ती खोडू नका. तिच्यापुढे ‘माझी माहिती’ असं लिहायला सांगा. आपल्याला माहीत असलेलं आणि समोरच्या मजकुरानं सांगितलेलं यांत फरक करता येणं, फोनवर रोज येऊन पडणाऱ्या मजकुराच्या काळात मुलांना फार गरजेचं आहे.

किती दिवसांत काय

एका इयत्तेत सगळं बसवायचा अट्टहास नको. अमेरिकेत २०१० साली आलेल्या ‘कॉमन कोअर’ या शालेय शिक्षणाच्या मानकांत, म्हणजे कोणत्या इयत्तेत काय यावं याच्या यादीत, या कौशल्याची चढण नीट मांडली आहे आणि ती आपल्यालाही उपयोगी आहे. चौथीत मुलानं उताऱ्यातल्या तपशिलांचा हवाला द्यायचा, पाचवीत शब्द अचूक उद्धृत करायचे, सहावीत आपल्या विश्लेषणाला आधार म्हणून पुरावा द्यायचा, सातवीत एकाऐवजी अनेक पुरावे द्यायचे आणि आठवीत त्यांतला सर्वात भक्कम कोणता ते निवडायचं. आपल्या वर्गात याचा अर्थ असा की पाचवीत नेमका तुकडा आणि क्रमांक नीट जमला तरी वर्ष सार्थकी लागलं. सहावीत दुव्यावर जोर. सातवी-आठवीत एकाच उत्तरासाठी तीन पुरावे शोधायला लावून त्यांची क्रमवारी लावू द्या. ‘विवर ज्वालामुखीचं नाही’ यासाठी वाक्य ४ आणि वाक्य ५ यांतलं जास्त भक्कम कोणतं, यावर आठवीचा वर्ग आख्खी तासिका भांडू शकतो. भांडू द्या.

नकाशा, तक्ता, आलेख, चित्राखालची ओळ हेही पुरावेच आहेत. पावसाच्या तक्त्यातला आकडा देताना ‘तक्ता, जुलैची ओळ’ एवढा पत्ता लिहिला की झालं. भूगोलाच्या शिक्षकांनी इथूनच सुरुवात केली तरी चालेल.

कृतिपत्रिकेचं काय?

पालक आणि सहकारी हा प्रश्न विचारतातच. कृतिपत्रिकेतल्या (कृतींच्या स्वरूपातल्या प्रश्नपत्रिकेतल्या) आकलनाच्या कृती, म्हणजे चौकटी पूर्ण करा, आकृतिबंध, कारणे लिहा, यांत थोडक्या शब्दांत उत्तर हवं असतं. तिथे अवतरण आणि दुवा लिहून वेळ घालवू नये, हे मुलांना स्पष्ट सांगा. पण बोट बरोबर वाक्यावर ठेवायची सवय तिथे थेट उपयोगी पडते. स्वमताच्या कृतीत मात्र तिन्ही भाग हवेत. उताऱ्याचा एक नेमका तुकडा देऊन त्यावर स्वतःचं मत बांधलेलं उत्तर आणि कुठल्याही उताऱ्याला लावता येईल असं पाठ केलेलं उत्तर, यांतला फरक तपासणाऱ्याला पहिल्या ओळीत दिसतो. शिष्यवृत्ती परीक्षेतल्या उताऱ्यावरच्या बहुपर्यायी प्रश्नांसाठी घरी सराव करताना निवडलेल्या पर्यायापुढे वाक्य क्रमांक लिहायला सांगा. क्रमांक लिहिता आला नाही, तर तो पर्याय अंदाजानं निवडलेला असतो.

आणि प्रत्येक प्रश्नाला पुरावा मागू नका. सरोवर कोणत्या जिल्ह्यात आहे, याला एक शब्द पुरे. ‘का’, ‘कसे’ आणि ‘कशावरून’ असे प्रश्न असतील तिथेच तिन्ही भाग मागा, नाहीतर मुलं कंटाळतील आणि चांगली सवय शिक्षेसारखी वाटायला लागेल.

वह्या तपासताना

चाळीस-पन्नास वह्यांचा गठ्ठा असेल तर प्रत्येक उत्तरावर शेरा लिहिणं जमणार नाही. समासात तीन अक्षरं लिहा : उ, पु, दु. जो भाग नीट आहे त्याला गोल, जो नाही तो तसाच मोकळा. मुलाला एका नजरेत कळतं की आपलं काय राहिलं, आणि तुम्हालाही गठ्ठा संपेपर्यंत दिसतं की वर्ग कुठे अडलाय. बहुतेक वह्यांत ‘दु’ मोकळा दिसला तर दुसऱ्या दिवशी नवा उतारा घेऊ नका. तोच उतारा, तोच प्रश्न, जोडीनं ‘मग काय?’ विचारत पुन्हा करा. ‘पु’ मोकळा असेल तर दोन कारणं तपासा : तुकडा चुकीचा आहे, की तुकडा बरोबर असून शब्द बदललेत? पहिल्याला दुसरी पायरी, म्हणजे बोट ठेवणं पुन्हा हवं. दुसऱ्याला चौथी, म्हणजे छोट्या शब्दांची भिंतीवरची यादी.

मूळ उतारा वहीत चिकटवलेला असू द्या. पुराव्याची खात्री करायला पाठ्यपुस्तक शोधत बसावं लागलं तर ना तुम्ही तपासाल, ना मूल. पंधरा दिवसांनी त्याच उताऱ्यावर, वह्या न दाखवता, एकच प्रश्न पुन्हा लिहून घ्या आणि जुनं उत्तर शेजारी ठेवून मुलांनाच त्यांच्या दोन्ही उत्तरांवर उ, पु, दु ची गोलं करू द्या.